अकोल्यात उतरलेले क्युबाचे चिरूट

इतकी वर्षे झाली, पण ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, आणि आठवली की आधी हसू येते. माझ्या नोकरीत खून-दरोड्यांचे गुन्हे कमी नव्हते. पण ज्याच्या तपासात मी स्वतःच थोडा उघडा पडलो, असा गुन्हा हा एकच.

साठीच्या दशकाची सुरुवातीची वर्षे. मी सातारा जिल्ह्यातला, नवा फौजदार म्हणून अकोल्याला रुजू झालो होतो. इथले लोक 'मले', 'तुले' बोलत आणि सरळ तोंडावर बोलत. सुरुवातीला मला सगळेच भांडत आहेत असे वाटे. त्याच सुमारास अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. आपल्याकडेही परदेशी चैनीच्या वस्तू आणण्यावर कडक निर्बंध होते. एके काळी मुंबईच्या दुकानांतून वऱ्हाडातल्या शौकिनांपर्यंत पोचणारे हवानाचे चिरूट दिसेनासे झाले होते.

एका सकाळी मोटार स्टँडवरचा चहावाला ठाण्यात आला. तो आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, बार्शीटाकळीच्या गाडीनं दर गुरुवारी एक बुढा येते. हातात पत्र्याचा डबा. शेठलोकायच्या बंगल्यावर जाते अन् रिकामा डबा घेऊन वापस जाते. डब्यात विलायती चिरूट हायेत म्हणतात. क्युबाचे."

"तुला काय माहीत क्युबा कुठे आहे ते?"

"मले नाई माहीत. पण बार्शीटाकळीत नाई, एवढं पक्कं."

मी तडक वरिष्ठांकडे गेलो. मुंबई बंदरातून वऱ्हाडापर्यंत चोरट्या मालाची साखळी, असा मोठा गुन्हा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता. साहेबांनी ऐकून घेतले, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "करा तपास. पण बोभाटा नको."

पुढच्या गुरुवारी आमचे जमादार, दर्यापूरकडचे मुरलेले गृहस्थ, साध्या वेशात स्टँडवर उभे राहिले. म्हातारा उतरला. स्वच्छ धुतलेला कोट, डोक्याला फेटा, चाल अदबशीर. त्याला ठाण्यात आणून दोन पंचांसमक्ष झडती घेतली. डब्यात चिरुटांच्या दोन लाकडी पेट्या निघाल्या. झाकणावर सोनेरी नक्षी, हवानाचे नाव, आणि आत ओळीने ठेवलेले तपकिरी चिरूट. पंचनामा झाला, मुद्देमालाला सील लागले, स्टेशन डायरीत नोंद झाली. कस्टम खात्याला कळवायचा मसुदाही मी तयार करून ठेवला.

म्हातारा पूर्वी अमरावतीला साहेबलोकांच्या क्लबात खानसामा होता. इंग्रज गेले, पुढे तिथला मुदपाकखाना बंद झाला आणि तो आपल्या गावी बार्शीटाकळीला परतला. एवढे त्याने खळखळ न करता सांगितले.

"माल कुठून येतो, बाबा?"

"मुंबईहून, हुजूर."

"कोण देतो?"

गप्प.

"कुठे ठेवता?"

त्याने कोटाची बाही नीट केली. चोरट्या मालाच्या गुन्ह्यात शिक्षा मोठी आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने मान हलवली. "कबूल हाय, हुजूर. मीच आणतो. मलेच शिक्षा द्या." माझ्या अनुभवात, थोडा का असेना, गुन्हा इतक्या सहज कबूल करणारा माणूस काहीतरी दुसरे झाकत असतो. पण काय, ते समजेना. दुपारपर्यंत मी पन्नास प्रकारे विचारले. त्याने चहा घेतला नाही, पाणीही घेतले नाही.

शेवटी मी एक युक्ती केली. मनात हिशेब असा होता की बंदी आहे तोवरच चोरट्या मालाला भाव. ती उठली तर तोच चिरूट कुठल्याही दुकानात मिळेल. मग याला सोडले की हा घाबरून लपवलेला माल काढायला धावेल, साथीदाराला निरोप पाठवेल, आणि आम्ही त्या निरोपाच्या मागे जाऊ. मी टेबलावरचा पेपर उचलून सहज बोलल्यासारखे म्हणालो, "बाबा, तुमचा धंदा तसाही बसलाच म्हणा. परदेशी चिरुटांवरची बंदी सरकार उठवतेय. अमेरिका घेत नाही म्हणून क्युबात माल पडून आहे. तो आता जहाजं भरून इकडे येणार. स्वस्तात."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ओठ हलले. "सच्ची बात, हुजूर? मंग खरा माल येईन का इकडं?"

मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात कोपऱ्यातल्या जमादारांनी घसा खाकरला. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "साहेब, त्यानं 'खरा माल' म्हटलं. मंग डब्यात काय हाय?"

मी आत गेलो, पेटीचे सील पंचांसमक्ष उघडले आणि एक चिरूट त्याच्यासमोर ठेवला. "बाबा, हा कुठला?"

त्याने तो बोटाने हळूच सरळ केला. मग पहिल्यांदाच पाणी मागितले. पिऊन म्हणाला, "बार्शीटाकळीचा."

आम्ही त्याला घेऊन गावी गेलो. मातीचे, पण चकचकीत सारवलेले घर. ओसरीवर त्याची बायको बसली होती, पुढ्यात पाट आणि तंबाखूची ओली पाने. आयुष्यभर तिने विड्या वळल्या होत्या. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"ठाणेदारसाहेब, यायले कावून धरलं तुमी? वळते मी. हे नुसते नेऊन देतात. धरा मले."

"म्हणूनच हा बोलत नव्हता," जमादार पुटपुटले. चोरट्या मालाचा मोठा गुन्हा अंगावर घ्यायला म्हातारा तयार होता. बायकोचे नाव मात्र त्याला ठाण्याच्या कागदावर येऊ द्यायचे नव्हते.

मी म्हणालो, "बाई, हे तुम्ही केलं हे मी कशावरून मानू?"

तिने पाट पुढे ओढला. पाने निवडली, एकावर एक ठेवली, तळहाताने दाबत दाबत गुंडाळली. वरचे पान दक्षिणेकडून येणारे, आतले इथल्याच बाजारातले. मग एका वाडग्यातले पाणी बोटांनी शिंपडले. मेळघाटातली मोहाची फुले भिजवलेले पाणी. या वेळी बोलावलेले दोन्ही पंच गावातलेच. त्यातले एक शाळामास्तर. ते तर पंचनामा विसरून पुढे वाकले होते. पाहता पाहता तिच्या हातात एक देखणा, नितळ चिरूट तयार झाला. पेट्या क्लबातल्या, साहेबलोकांनी टाकून दिलेल्या. म्हाताऱ्याने त्या वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या आणि गिऱ्हाइकांकडून रिकाम्या परत आणत होता.

"अन् सांगा बरं साहेब," ती म्हणाली, "वाईट हाय का माल?"

"मग स्वतःच्या नावानं का नाही विकत?"

उत्तर म्हाताऱ्याने दिले. "हुजूर, बंदी हाय म्हणून त लोक मांगतात. भेटत नाई म्हणून गोड लागते. बंदी उठली, दुकानात खरा आला, की शेठलोक दोन दिस ओढतीन अन् सोडून देतीन. खरे ओढणारे थोडेच हायेत. त्यायच्या हातात खरा आला की मले उभं करणार नाईत."

व्यापाराचे इतके स्वच्छ गणित मी पुढे कोणाकडूनही ऐकले नाही.

गुन्हा आता फसवणुकीचा झाला, आणि फसवणुकीला फिर्यादी लागतो. अकोल्यातला एकही शेठ फिर्याद द्यायला तयार होईना. चोरटा माल घेतला असे म्हणायची भीती, आणि बार्शीटाकळीचा चिरूट हवानाचा समजून ओढला असे म्हणायची त्याहून मोठी भीती. उरले अमरावतीचे एक ज्येष्ठ वकील, म्हाताऱ्याचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. मी जबाब घ्यायला त्यांच्याकडे गेलो.

सगळे ऐकून वकीलसाहेब हसले. "फौजदारसाहेब, तीस वर्षं मी हवाना ओढली. पहिल्या झुरक्यातच मला कळलं होतं की ही मोहाची आहे."

"मग तुम्ही घेत का राहिलात?"

"क्लबात हा माणूस मला जेवायला वाढायचा. ताटात काय कमी आहे ते मी मागायच्या आधी त्याला कळायचं. क्लबातलं काम सुटल्यावर तो दारात डबा घेऊन आला, आणि किती ताठ उभा राहून त्यानं मला ती पेटी दाखवली! मी 'खोटी आहे' म्हणालो असतो, तर तो पुन्हा आला नसता." ते पुढे वाकले. "आणि खरं सांगू? मला ती आवडायला लागली."

फिर्यादीऐवजी त्यांनी वकीलपत्र दाखल केले, म्हाताऱ्याच्या बाजूने. परदेशी नावाच्या पेट्या वापरल्याचे आणि परवान्याशिवाय चिरूट केल्याचे तेवढे आरोप उरले. म्हाताऱ्याने कबुली दिली आणि किरकोळ दंडावर सुटला. दंड वकीलसाहेबांनी भरला. परवान्याचा अर्जही त्यांनीच लिहून दिला.

वरिष्ठांना मी अंतिम अहवाल दिला. तो वाचून साहेबांनी टेबलाचा खण उघडला, आतून एक तपकिरी चिरूट काढला, नाकाशी धरला. "मोह म्हणता?" मी 'हो' म्हणालो. "बरं. हे अहवालात घालू नका," म्हणाले आणि तो शिलगावला.

पुढे साध्या कागदी पेटीत, बाईच्या नावाने ते चिरूट विकले जाऊ लागले. परदेशी नाव गेल्यावर शेठलोकांनी घेणे सोडले, म्हातारा म्हणाला होता तसेच. पण निवृत्त सुभेदार, स्टेशनमास्तर, शाळामास्तर असे नवे गिऱ्हाईक मिळाले. बंगल्यांइतका थाट नव्हता, पण घर चालले.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. बंदी उठणार ही बातमी मी बनवली होती, आणि त्या दिवशी त्या माणसाचा चेहरा कसा उतरला होता ते मी पाहिले होते. बदलीचा हुकूम आला तेव्हा मी बार्शीटाकळीला गेलो आणि त्याला सांगितले, "बाबा, ते पेपरात कुठेच नव्हतं. मी खोटं बोललो."

तो असा हसला की आतून बायको बाहेर आली.

"आयकलं का वं?" तो तिला म्हणाला. "ठाणेदारसाहेबानं बी नकली मालच खपवला! अन् मी अस्सल समजून घेतला!"

मीही हसलो. पण परतीच्या गाडीत विचार करत होतो. त्याच्या लबाडीने कोणाचे फारसे बिघडले नव्हते. माझ्या लबाडीने एका म्हाताऱ्याचा दिवस काळा केला होता, आणि ती लिहून ठेवायला स्टेशन डायरीत रकाना नव्हता. त्यानंतर चौकशीत मी युक्त्या केल्याच नाहीत असे म्हणणार नाही. पण माणूस काय लपवतो याच्याआधी तो कोणासाठी लपवतो, हे विचारायला मी शिकलो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच काम झाले.