हसलास मा?

प्रत्येक विनोदानंतर तो कानामागे तळवा धरायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा, "हसलास मा? मगे झाला." तुमच्यापैकी अनेकांना तो असाच आठवत असेल. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

आमच्या मालवणात त्याची पहिली ओळख गीतकार म्हणून. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांना गजर लिहून दिले, मग ऑर्केस्ट्राला प्रेमगीतं. ती चांगली होती, हे नाइलाजाने सांगते. एका निवडणुकीत त्याने दोन्ही उमेदवारांची प्रचारगीतं लिहिली, तीही एकाच चालीत. "हरतलो तो इचारूक येवचो नाय," म्हणायचा.

गाण्यांनी हवं तेवढं नाव होईना, तेव्हा तो मालवणी नाटकांत विनोदी कामं करू लागला. तिथे त्याला हुकमी हशा सापडला. माझ्या दादाचं तोतरेपण.

दादाचं बाजारात किराणा दुकान. 'प' आला की तो अडायचा. याने नाटकात हुबेहूब तसा दुकानदार उभा केला, डोळे मिटून मान झटकणारा. तारकर्लीपासून तोंडवलीपर्यंत प्रयोग झाले. गिऱ्हाइकं दुकानात येऊन "प-प-पोहे आसत?" विचारू लागली. दादा मुकाट्याने पोहे द्यायचा. पुढे त्याने दुकानात बोलणंच सोडलं.

मी त्या माणसाच्या घरी गेले. तो घरापुढच्या खळ्यात दाढी करत बसला होता.

"तो प्रवेश बंद करा," मी म्हटलं.

"अगो, तुज्या भावाक आधी कोण वळखी होतो? आता अख्खो तालुको वळाखता."

"त्येना बोलणाच सोडल्यान."

तो आरशात बघत वस्तरा पुसू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "लोक त्या प्रवेशासाठीच येतत गो. बाकी नाटकात आसा काय?"

प्रवेश चालूच राहिला.

गेल्या वर्षी तो गेला. नाट्यमंडळाने शोकसभा ठेवली. दादा निघाला, म्हणून मीही गेले. भाषणं संपत आली तेव्हा दादा उठला आणि माईकपाशी गेला.

"प-प-प..." त्याने डोळे मिटले, मान झटकली.

सभागृह हसलं. मुद्दाम नव्हे, सवयीने. पुढे बसलेली, त्या गेलेल्या माणसाची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

हसू ओसरेपर्यंत दादा थांबला. मग त्याने वाक्य पुरं केलं, "पयली गाणी त्येना माज्या दुकानात बसान लिवल्यान."

हे मला माहीत नव्हतं.

दादा फोटोला फूल वाहून माझ्या शेजारी येऊन बसला. एकेक करून सगळे उठले, फुलं वाहून आले. मी उठले नाही.