रंगावर आवळलेली अर्थिंग

धाड गावच्या बाजाराला सवाऱ्या वाहून थकलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप मी घेतली आणि चार महिने खपून नव्यासारखी केली. किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक'. नवी बॅटरी टाकली, सेल्फ-स्टार्टर दोनदा खोलला, तरी आठवडाभर तेच. संतापून मी शिव्या देत चाकाला लाथ घातली.

शेजारचा म्हातारा मिस्त्री आला, खाली वाकला.

"चेसिसले रंग कोनं देल्ला?"

"मीच."

"अन् अर्थिंगची वायर त्या रंगावरच आवळली? रंगातून करंट जाईन कसा बे?"

त्यानं वायर सोडली, तिच्याखालचा रुपयाएवढा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, वायर पुन्हा आवळली. पहिल्याच किल्लीला जीप धडधडली. किती हायसं वाटलं!

चूक माझी होती; आठवडाभर शिव्या मात्र जीपनं खाल्ल्या होत्या.