एका ट्रॅकवरचे सहा आवाज

तिला सगळे ताईच म्हणायचे, कारण स्टुडिओ तिच्या धाकट्या भावाचा होता आणि तो तिला ताई म्हणायचा. मी तिथे डबिंगला जायचे. मालिकांमधल्या मावश्या, जाहिरातींतल्या आया, एकदा तर लिफ्टमध्ये मजले सांगणारी बाईसुद्धा. दोन खोल्यांचा तो स्टुडिओ एका टायरच्या दुकानावर होता. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की वर रेकॉर्डिंग थांबायचं आणि आम्ही गप्पा मारत बसायचो.

अशाच एका खोळंब्यात तिने मला आपलं काम समजावून सांगितलं होतं. मालिकांना पार्श्वसंगीत देणं हे तिचं काम. समोर एक कीबोर्ड, कॉम्प्युटर आणि पडद्यावर आडव्या पट्ट्या.

"की दाबली की कॉम्प्युटरकडे आवाज जात नाही बरं का," ती म्हणाली. "नुसता निरोप जातो. कुठला सूर, किती जोरात, किती वेळ. ह्याला मिडी म्हणतात. आवाज काढायचं काम पुढच्यांचं."

पुढच्या म्हणजे सॉफ्टवेअरमधले पाच सिंथेसायझर. बाकीचे लोक प्रत्येकासाठी वेगळा ट्रॅक करून तेच पाच वेळा वाजवायचे. ताई एकाच ट्रॅकला पाचही जोडायची. "सासूने एक हाक मारायची, पाचही सुनांनी ओ द्यायची," ती हसून म्हणाली. थोरली खर्जातली, घुमणारी. दोघी मधल्या तंतुवाद्यांसारख्या. चौथी श्वास सोडल्यासारखी. आणि धाकटी अगदी वरची, काचेवर चमचा लागावा तशी किणकिणणारी. हळू दाबलं तर दोघीच बोलायच्या, जोर वाढला की एकेक जागी व्हायची.

"आणि एखादी फारच चढून बोलायला लागली तर?"

"तर तिचं बटण पिळायचं. खऱ्या घरात जमतं का हे?"

तो आवाज लोकांना ओळखता यायचा. मालिकावाले फोनवर म्हणायचे, आम्हाला ताईचा आवाज हवाय. भावाने तिच्या जिवावर स्टुडिओ उभा केला, असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही. तो मिक्सिंग चांगलं करायचा, पण त्याच्याकडे लोक यायचे ते तिच्यासाठी.

ती एकावन्न वर्षांची असताना कुरकूर सुरू झाली. "आवाज पातळ लागतोय रे." भावाने स्पीकर तपासले. तिने हेडफोन बदलले, मग परत बदलले. भिंतीवरच्या जाड पडद्यांवर खापर फोडलं, ते काढले, पुन्हा लावले. धाकटीचा आवाज वाढवत नेला. तेवढ्यानेही भागेना म्हणून त्याच ट्रॅकला आणखी एक किणकिणता सिंथेसायझर जोडला. "सहावी सून आणली," असं तिने जाहीरही केलं. त्याच सुमारास दारावरची बेल बिघडली, असं ती म्हणायला लागली. बेल चांगली होती.

तो सहा जणींचा तुकडा मी हेडफोनवर ऐकला तेव्हा माझ्या दातांत कळ गेली. वरचे सूर नुसते किंचाळत होते. मी चमकून भावाकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. ताईची आमच्याकडे पाठ होती.

ती घरी गेल्यावर त्याने तिचे सहाही सिंथेसायझर एकेक करून बंद केले. दहा वर्षांपूर्वीची एक फाइल उघडली, तिच्यातली पाच जणींची जुनी मांडणी उचलली आणि तिने त्या दिवशी वाजवलेले निरोप तिकडे वळवले. हात तिचेच, पण आवाज दहा वर्षांपूर्वीचा. अप्रतिम वाजलं ते.

"तिला सांगणार नाहीस?" मी विचारलं.

"सांगून काय करू? ती मोडून पडेल. ऐकू येत नाही हे कळल्यावर वाजवणारं माणूस उरतं का?"

मला ते पटलं. निदान पटवून घेणं सोयीचं होतं.

पहिलं वर्ष त्याने एवढंच केलं. दुसऱ्या वर्षी तो सूरही हलवायला लागला. मिडीत ते सोपं असतं, माउसने उचलायचं आणि खाली ठेवायचं. पुढेपुढे तिचं वाजवणं सगळंच बाजूला ठेवून तो स्वतः वाजवायचा, तिच्या जुन्या मांडणीवर, दोन-दोन बोटांनी. मालिकावाले तिला फोन करून म्हणायचे, ताई, काय हात आहे तुमचा अजून! ती लाजायची. माझ्या हेडफोनला तिने कापडाची गवसणी शिवून दिली होती, कानाला घाम येतो म्हणून. ती घालून मी हे सगळं ऐकत होते.

एक दिवस भाऊ दाढ काढायला गेला होता. एका मालिकावाल्याचा फोन आला, चाळीस सेकंदांचा तुकडा वीसचा करून आत्ताच्या आत्ता हवा होता. ताई भावाच्या कॉम्प्युटरवर सहसा बसत नसे. त्या दिवशी बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"अगं, माझा ट्रॅक बंद का आहे? आणि हा खाली 'ताई जुनी' म्हणून दुसराच काय आहे?"

तिने स्वतःचा ट्रॅक सुरू केला, सहाही जणींसकट, आणि स्पीकरवर लावला. माझे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. मी ते लगेच खाली घेतले, पण तिने पाहिलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही."

"कान का झाकलेस?"

ती पुन्हा ऐकत राहिली, मान तिरकी करून. तिला त्यात वावगं काहीच सापडत नव्हतं. मग तिने आवाज बंद केला आणि हळू विचारलं, "केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली, ताई."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"नाही. आम्हा दोघांनाच."

भाऊ आला तो अर्धा जबडा बधिर होऊन, तोंडाशी रुमाल धरून. ती त्याच्याच खुर्चीत बसली होती.

"ताई, मी तुला सांभाळत होतो," तो म्हणाला. अर्धे शब्द गालातच राहिले.

"मला नाही. तुझ्या दुकानाला."

"तुला कळलं असतं तर तू परत कीबोर्डवर बसली असतीस?"

"डॉक्टरकडे गेले असते. दोन वर्षांपूर्वी."

रुमालावर रक्त आलं होतं, तो ते पाहत उभा राहिला.

कानाच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. बंद खोलीत बसवून सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. काचेतून मला ती दिसत होती. कितीतरी वेळ तिने बटण दाबलंच नाही. वरचे सूर गेले होते आणि ते परत येणार नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, मोठ्या आवाजात ऐकायची सवय होती का? ती म्हणाली, होती, गेली दोन वर्षं जास्तच. डॉक्टर म्हणाले, त्यानेही भर पडली असणार. किती, ते सांगता येत नाही.

कानातली यंत्रं मिळाली. बोलणं नीट कळायला लागलं, पण संगीत पत्र्यावर वाजवल्यासारखं लागायचं.

शेवटचं ती स्टुडिओत आली ती आपलं काढून न्यायला. एकेक फाइल उघडून तिने ती पाच जणींची मांडणी पुसून टाकली. तीन तास लागले. भाऊ शेजारी बसून होता, अडवलं नाही, उलट चहा करून दिला. त्याने सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर आधीच काढून ठेवली होती. हेही मला माहीत होतं. तिला ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही नाही.

आता ती एका कंपनीत बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्याखालच्या ओळी लिहिते. सुरुवातीला संगीत आलं की ती लिहायची, 'खर्जात लांब सूर, वर काचेसारखी किणकिण'. साहेब म्हणाले, एवढं वाचायला वेळ कुणाला आहे? 'संगीत' एवढंच लिहा. ती तेवढंच लिहिते.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेले होते. निघताना तिने विचारलं, "ते अजून वाजतंय ना तिथे?"

"काय?"

"बोल ना. प्रत ठेवली होती ना त्याने?"

"हो."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

मी चपला घालत होते, वर पाहिलं नाही. तिने "सावकाश जा" म्हटलं आणि दार लावून घेतलं. फोन करते, तर हल्ली उचलत नाही. त्या स्टुडिओत मी अजून जाते. मावश्यांची कामं तिथेच मिळतात.