सिस्टरचे भाषण

सिस्टरसमोर ‘बिचारी’ म्हणायची सोय नव्हती. आमच्या आमोणे गावातल्या चहाच्या गाड्यावर कोणी पेपरातला युद्धातल्या मुलांचा फोटो बघून "बिचारी पोरां!" म्हणाला, की त्या हातातला पाव बशीत टाकायच्या. "बिचारी कित्याक? पुरात व्हावून गेली? मारली तांका. कोणे मारली ते विचार!" म्हणणारा निमूट पेपर मिटायचा.

त्या परदेशात नर्स होत्या. शेवटची वर्षे युद्ध पेटलेल्या देशातल्या इस्पितळात गेली. निवृत्त होऊन गावी परतल्या, तरी गावासाठी त्या सिस्टरच राहिल्या. तापलेले मूल दिसले की आधी त्याचे कपाळ बघायचे, मग आईला झापायचे, हा त्यांचा क्रम.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्याची ऐट मला आजही आहे. एकदा त्यांनी विचारले, "मास्तर, युद्धातल्या पोरांविषयी तुमचो कायदो किते सांगता?" मी धडाधड सांगितले: मुलांच्या हाती शस्त्र द्यायचे नाही, शाळा-इस्पितळांवर हल्ला करायचा नाही.

"बरे पाठ केलंय," त्या म्हणाल्या. "आमीय पाठ केल्ले."

बालदिनाला हेडसरांनी त्यांना पाहुण्या म्हणून बोलावले. "मुलांना चार गोड शब्द सांगा," म्हणाले. सिस्टर उभ्या राहिल्या. "आमच्या इस्पितळाच्या छपरावर आम्ही लाल खूण रंगवली होती. विमानातून दिसावी म्हणून. मुलांच्या वॉर्डावरची मी स्वतः रंगवली, सगळ्यात मोठी. ती त्यांना दिसली. तरीही त्यांनी बाँब टाकला. त्या वॉर्डात सात मुलं..."

हेडसरांनी मला खूण केली. माईकच्या आवाजाच्या पेटीशी मी बसलो होतो. मी बटण फिरवले. सिस्टर बोलतच राहिल्या. पुढच्या दोन रांगांनी ऐकले असेल; मागे पालक सरबत पीत होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या आदोळीच्या पात्यावर तिसऱ्यांचे शिंपले उघडत होत्या. "सिस्टर, हेडसरांनी सांगितले. माझी नोकरी अजून कायम नाही..."

त्यांनी मान वर केली नाही. "त्या विमानातल्याकय कोणे तरी सांगिल्लेच मरे. ताकाय नोकरी आसतली. वयल्यान हुकूम आयलो म्हणून सुटका ना, हे तुज्याच कायद्यात बरयला न्हय?"

वरून हुकूम आला म्हणून सुटका नाही, हे कलम मला तोंडपाठ होते. पदवीही होती.

सहा महिन्यांनी सिस्टर गेल्या. शोकसभेत हेडसर त्यांच्या सेवाभावावर वीस मिनिटे बोलले. माईक खणखणीत चालला. मी मागे उभा होतो आणि दात आवळून ऐकत होतो. राग हेडसरांचा होता, सरबत पिणाऱ्यांचा होता, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

यंदा माझी नोकरी कायम झाली. त्या दिवशी तू सिस्टरचा आवाज का तोडलास, असे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. त्या विमानातल्यालाही कोणी विचारले नसेल.