पुंजारामनं तोडणीआधी गोळ्या बंद केल्या

...तर काल राहिलं ते असं, की पुंजाराम डॉक्टरांच्या टेबलापुढं अडूनच बसला. निफाडकडचा द्राक्षबागायतदार, सातवीपर्यंत माझ्याच बाकावरचा. जन्म गेला मण्यांची प्रतवारी करण्यात. टीबीचा रिपोर्ट आला तर गड्याचा पहिला सवाल काय? "मॅडम, माझा कोणत्या प्रतीचा?"

छाया मॅडम मोठ्या सोशिक. म्हणाल्या, "बाबा, टीबीची मुख्य औषधं दोन, आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन. जंतू यांतल्या एका जरी औषधाला दाद देत नसला, तरी तो हट्टी टीबी. दोन्हींना देत नसला तर एमडीआर. तुमचा हाच. त्यात फ्लोरोक्विनोलोन गटातली औषधंही चालेनाशी झाली तर प्री-एक्सडीआर. आणि त्याउपर बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांतलं एक जरी हरलं, तर एक्सडीआर."

"म्हंजी माझ्या वर अजून दोन हायत?" पुंजारामचं तोंड उतरलं. एवढं खोकून मधलीच प्रत!

"बाबा, इथं वरची प्रत म्हणजे औषधं संपत आली. ती लागू नये म्हणून सहा महिने, एकही दिवस न चुकता गोळ्या."

तीन महिने घेतल्या हो त्यानं. खोकला गेला, गालावर मांस आलं, नात योगिनीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं. आणि यानं गोळ्या बंद केल्या! बारा दिवसांनी चंद्रभागावहिनींना फवारणीच्या औषधांच्या कपाटात सगळ्या गोळ्या सापडल्या, ओळीनं रचलेल्या.

"ह्या का नाय गिळल्या?"

"अगं, तोडणीआधी फवारणी थांबवावी लागती का नाय? मालात औषधाचा अंश राहिला तर परदेशी धाडलेला कंटेनर माघारी येतो. लग्नात चार पाहुणे गळ्यात पडतील, अंगात औषध कशाला?"

"अहो, तुम्ही काय द्राक्षाचा घड हाय का?" वहिनींनी शर्टाची बाही धरून त्याला माझ्या मोटरसायकलवर बसवलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाबा, अर्धवट मारलेला जंतू औषध ओळखायला शिकतो. वेलीवरच्या भुरी रोगावर अर्ध्या डोसाची फवारणी केलीत तर काय होतं?"

ते पुंजारामला नको तितकं कळत होतं. हळूच म्हणाला, "मग मी चढलो का वरच्या प्रतीत?"

ते सांगायला बेडका पुन्हा तपासायला हवा. लॅबमध्ये जंतू वाढतो का बघायचं. वाढला तर त्याच्यावर एकेक औषध लावून प्रत ठरवायची. सहा आठवडे. गोळ्या त्याच दिवसापासून पुन्हा सुरू. लग्न झालं, योगिनी सासरी गेली, पण याचा जीव त्या लॅबमधल्या बाटलीत. साठ वर्षं शेती केलेला माणूस मारुतीपुढं हात जोडून म्हणायचा, "देवा, एवढं एक उगवू देऊ नको." पुजारी दचकायचा.

सहा आठवड्यांनी वहिनींसकट तिघं गेलो. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "काहीच उगवलं नाही, बाबा. प्रत ठरवायला जंतूच नाही. पण म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत. उरलेला दीड महिना घ्यायच्या, वर चुकलेले बारा दिवसही भरून काढायचे. कबूल?"

पुंजारामनं डोळे पुसले आणि म्हणाला, "कबूल, मॅडम, दीड महिना काय, दोन घेतो, पण ह्या चंद्रभागेला तेवढं सांगा, गोळी गिळल्यावर माझी जीभ उचलून बघती ते ठीक, नव्या व्याह्यांपुढं तरी बघू नको!"