बिट्टीला बघणारं कुणीतरी

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत बसणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे खिडकीबाई म्हणत. कितीही तापलेला माणूस समोर येऊ दे, ती त्याला थंड करून परत पाठवायची, आणि त्यासाठी खात्याचं एक थेंबही पाणी खर्च व्हायचं नाही. "तुमचा त्रास मी समजू शकते," असं म्हणत ती मान हलवायची. ती मान हलवणं म्हणजे एक कलाच होती. समोरच्याला वाटायचं, ही बाई आपल्यासाठी आत जाऊन भांडणार. प्रत्यक्षात तिच्या मनात तेव्हा संध्याकाळी येताना ब्रेड आणायचा की अंडी, एवढंच चाललेलं असायचं. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. पाणी सोडणं तिच्या हातात नव्हतं, मान हलवणं होतं.

या बाईची मुलगी बिट्टी. सहाव्या वर्षात होती. तिला बोलता येत होतं, पण शब्द स्वतःचे नव्हते. सगळे उसने आणलेले. काही टीव्हीवरच्या जाहिरातींतून, काही इमारतीच्या लिफ्टमधून. घरी कुणी पाहुणा फार वेळ ठाण मांडून बसला की बिट्टी भिंतीकडे तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणायची, "दरवाजे बंद होत आहेत. कृपया दूर उभे राहा." पाहुणे हसायचे. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "काय पाठांतर आहे!" मिक्सर लागला की मात्र बिट्टी कान दाबून अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे. बाकी वेळ ती कुणाच्या तरी बॅगेची चेन उघडत आणि लावत बसायची. तासन्‌तास.

"आमचा हासुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," सासूबाई म्हणायच्या.

"आई, ते अजून तरी कुठे बोलतात?" खिडकीबाई म्हणायची.

नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. तो पेपरातून डोकं वर न काढता दोघींनाही दुजोरा द्यायचा. म्हणजे गप्प राहायचा.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांनी दोन-तीन भेटींनंतर नीट तपासून सांगितलं, की हा ऑटिझम आहे. "रोग समजू नका. मेंदूची ठेवणच वेगळी आहे. एखादा चांगला थेरपिस्ट शोधा."

"चांगला म्हणजे कसा ओळखायचा?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "चांगला म्हणजे... चांगला," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पोराला आत बोलावलं.

झालं. शोध सुरू झाला. पहिलं सेंटर गावभर नाव असलेलं होतं. काचेचे दरवाजे, आत माशांची टाकी, आणि भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं की भिंतीचा रंग कोणता हे सांगता आलं नसतं. केबिनमधले साहेब गोड आवाजात म्हणाले, "काळजी करू नका. तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात."

चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला खिडकीबाई स्वतः नेमकं हेच वाक्य म्हणायची.

साहेब कॉम्प्युटरकडे बघत प्रश्न विचारू लागले. झोप कशी, जेवण कसं, घरात आणखी कुणाला असं होतं का. तिने उत्तर द्यावं, साहेबांनी मान हलवावी. ती मानही तिच्या ओळखीची होती. ब्रेड की अंडी, तीच. बऱ्याच वेळाने साहेबांनी खुर्ची मागे घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे, बाकी मला अंदाज आलाय. पुढच्या वेळी मुलीला घेऊन या, म्हणजे बघता येईल."

"साहेब," खिडकीबाई म्हणाली, "ती मघापासून तुमच्या टेबलाखाली आहे."

साहेबांनी वाकून पाहिलं. बिट्टी त्यांच्या बॅगेची चेन लावत होती. त्याआधी तिने डबा बाहेर काढून ठेवला होता आणि स्वतःचे दोन्ही मोजे त्याच्या झाकणावर नीट मांडले होते.

तिथे परत जायचं नाही, असं नवरा-बायकोचं एकमत झालं. मग थोरले दीर मदतीला धावले. भाऊजींना जगातली प्रत्येक गोष्ट माहीत होती, आणि त्यातली निम्मी त्यांना दुसऱ्याच एका माणसाने सांगितलेली असायची. ते एका ऊर्जातज्ज्ञाचा पत्ता घेऊन आले. "मुलाला हातसुद्धा लावत नाही," भाऊजी म्हणाले. "मुळावरच घाव घालतो."

आता एवढी खिडकीत मुरलेली बाई इथे तरी सावध राहायला हवी होती. पण ऊर्जातज्ज्ञ तिच्यापेक्षा पोहोचलेला निघाला. त्याने बिट्टीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही किती दमला आहात."

खिडकीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतक्या महिन्यांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. माणूस बुडत असला की काडीचा आधार घेतो. इथे तर लोहचुंबक शिवलेली टोपी होती. ती टोपी बिट्टीने दिवसभर घालायची, म्हणजे आतला गुंता सुटणार. बिट्टीने ती पहिल्याच दिवशी खिडकीतून खाली भिरकावली. ऊर्जातज्ज्ञ खूश झाला. म्हणाला, "बाहेर फेकतेय ना? म्हणजे आतलं बाहेर पडायला लागलंय." दुसऱ्या आठवड्यात टोपी बादलीत सापडली. तेव्हा तो म्हणाला, "पाणी अशुभ लहरी ओढून घेतं. उत्तम." तिसऱ्या आठवड्यात टोपी डोक्यावर टिकेना म्हटल्यावर त्याने तोडगा काढला. "मुलगी घालत नसेल तर तिच्या फोटोला घाला. लहरींना काय, अंतर नसतं."

आणि तिने ती फोटोला घातली! भल्या भल्या लोकांना सहा महिने फेऱ्या मारायला लावणाऱ्या बाईने, कपाटावरच्या फ्रेमला टोपी नीट तिरकी करून बसवली.

नवरा कामावरून आला, बूट काढता काढता थांबला. फोटोपाशी गेला. मग म्हणाला, "फोटोला सर्दी झालीय का?"

लग्नानंतरचं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं. आधी तिला राग आला, मग हसू फुटलं, आणि दोघं पोट धरून हसले. हसता हसता ती रडली आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. टोपी भाऊजींना परत गेली. ते आजही ती थंडीत घालतात.

तिसऱ्या ठिकाणच्या बाई शिस्तीच्या होत्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सुचवलेल्या. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "आई बाहेर बसेल." दार बंद व्हायचं आणि आतून आवाज यायचा, "माझ्याकडे बघ. माझ्याकडे बघ. बघितलं की बिस्किट." काही आठवड्यांनी बाईंनी प्रगती जाहीर केली. बिट्टी आता डोळ्यांत बघते, पण मध्येच "दरवाजे बंद होत आहेत" अशी असंबद्ध बडबड करते, तीही मोडून काढू. घरी सासूबाईंनी शेजारपाजारी बातमी पोचवलीसुद्धा. फक्त एक झालं, सेंटरला जायचे बूट दिसले की बिट्टी पलंगाखाली जाऊन बसायची आणि तिला ओढून काढावं लागायचं.

"सुरुवातीला त्रास होतोच," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार हळव्या आहात."

त्या दिवशी दार पुरतं लागलं नव्हतं. खिडकीबाईने फटीतून पाहिलं. बाईंनी बिट्टीची हनुवटी दोन बोटांत धरली होती. बिट्टी अगदी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत बघत होती. तोंडात बिस्किट होतं, ते ती चावत नव्हती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

खिडकीबाई आत गेली. हळव्या बायकांची एक गंमत असते, त्या एकदा उठल्या की कुणाला आवरत नाहीत. तिने मुलीला उचललं. बूटसुद्धा घातले नाहीत, हातात घेतले. जिन्यात एक दुसरी आई भेटली, आपल्या पोराला घेऊन वर निघालेली. अनवाणी बिट्टीकडे आणि खिडकीबाईच्या चेहऱ्याकडे बघून तिने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "रंगाच्या दुकानाच्या वर एक थेरपिस्ट आहे. मी ऐकलंय. पण ती कसलीच खात्री देत नाही म्हणून माझ्या घरचे नको म्हणाले."

रंगाच्या दुकानावरची खोली म्हणजे गादी, झोपाळा, बादल्या आणि तळपायाला टोचतील अशा कसल्या कसल्या चटया. प्रमाणपत्र एकच होतं, आणि त्याच्या काचेवर कुणीतरी पिवळा हात उमटवला होता. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी आईला मानेनेच या म्हटलं, बिट्टीला तर तेवढंही नाही. बिट्टी दाराशी उभी राहून स्वतःच्या जाकिटाची चेन वरखाली करू लागली. थेरपिस्टने आपली पर्स घेतली आणि थोडं पाठमोरं बसून तिची चेन उघडली. लावली. उघडली. पाच-दहा मिनिटं दोघींचं हेच. खिडकीबाईला वाटलं, ही काम कधी सुरू करणार?

तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "दरवाजे बंद होत आहेत."

"बाहेर जायचंय?" थेरपिस्टने विचारलं, आणि उठून दार उघडलं.

बिट्टी बाहेर गेली. जिन्यात उभी राहिली. आणि मग आपण होऊन परत आत आली.

खिडकीबाई जागच्या जागी गार झाली. पाहुणे उठावेत म्हणून, हनुवटी सोडावी म्हणून, पोर कधीपासून तेच तर सांगत होती. आणि घरदार टाळ्या वाजवत होतं.

"ही बरी होईल का?" तिने विचारलं.

"बरं व्हायला तिला काही झालेलं नाही. पण तिला पुष्कळ गोष्टी फार जड जातात. त्या हलक्या करता येतील."

"किती दिवसांत?"

"मला माहीत नाही."

"अंदाजे?"

"खरंच माहीत नाही हो. आणि मी आठवड्यातून एकदा भेटणार, रोजचं तुम्हालाच करायचंय. जमणार नसेल ते सांगा, आपण बदलू."

खिडकीबाई तणतणत घरी आली. तिच्या खात्यात 'माहीत नाही' म्हणायला बंदी होती. "काही कामाची नाही ती," तिने नवऱ्याला सांगितलं. "विचारलं की माहीत नाही म्हणते!"

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "मग खरं बोलत असेल," तो म्हणाला.

ते पुन्हा गेले. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी थेरपिस्टने बिट्टीला झोपाळ्यावर बसवलं, आणि बिट्टीला ओकारी झाली. घरी येईपर्यंत ती थरथरत होती. संध्याकाळी फोन आला. "आज माझी चूक झाली," थेरपिस्ट म्हणाल्या. "मी घाई केली. पुढच्या वेळी झोपाळा बांधून ठेवते. रात्री झोपेला त्रास झाला तर मला कळवा." खिडकीबाईने उभ्या नोकरीत कुठल्याही खात्यातून असा फोन गेल्याचं ऐकलं नव्हतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. मिक्सरआधी आवाज द्यायचा, असं ठरलं. तेव्हापासून सासूबाई स्वयंपाकघरातून आगबोटीच्या भोंग्यासारख्या ओरडतात, "लावते गं!" बिट्टी कान दाबून दुसऱ्या खोलीत जाते. काही महिन्यांनी एकदा तिने आजीचा हात धरून मिक्सरवरून बाजूला केला आणि म्हणाली, "नको." कुठल्याच जाहिरातीतला नव्हे, स्वतःचा शब्द. सासूबाईंनी त्या दिवशी स्वयंपाकच केला नाही. भाऊजींचं मत मात्र पडलं, की टोपीचा परिणाम जरा उशिरानेच दिसतो.

मग केस कापायची वेळ आली. दर वेळी दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने कापायचे, असं ते युद्ध असे. या वेळी थेरपिस्टच्या सांगण्यावरून मायलेकी न्हाव्याचं दुकान रिकामं असताना गेल्या. न्हाव्याने मशीन कपाटात ठेवलं, रेडिओ बंद केला, पाणी मारायची बाटली बिट्टीच्या हातात दिली. तिने आधी त्याला मनसोक्त भिजवलं. तो बिचारा चष्मा पुसत पुसत कात्री चालवत होता. डावी बाजू पुरी झाली. उजवीकडे कात्री गेली तसा बिट्टीने हात वर केला. "नको."

न्हाव्याने आईकडे पाहिलं. "दोनच मिनिटं लागतील हो. पटकन धरता का जरा?"

"नाही," खिडकीबाई म्हणाली. "नको म्हणाली ना ती. उरलेले पुढच्या आठवड्यात."

तिने मुलीच्या मानेवरचे केस झटकले आणि दोघी रस्त्याला लागल्या. एका बाजूने केस कानापर्यंत, दुसऱ्या बाजूने खांद्यापर्यंत. दुकानांच्या पायऱ्यांवरचे लोक वळून वळून बघत होते. एका बाईने तर थांबवून विचारलं, "अहो, हे असं काय?"

"अर्धे झालेत," खिडकीबाई म्हणाली, आणि बिट्टीच्या चालीने पुढे चालू लागली.