शिंगाडेवालीचा प्रश्न

१९७९, कार्तिक, मोहाडीचा बाजार. हजर: मी, चौथा महिना, सासूबाई, शिंगाडे विकणारी एक अनोळखी बाई.

पाच दिवस उलट्या थांबत नव्हत्या, घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं.

"नखरे करून राहिली सून," सासूबाई शिंगाडेवालीला म्हणाल्या.

ती प्रत्येक शिंगाडा अंगठ्याने दाबून तराजूत टाकत होती. तशीच तिने माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उंचच राहिली.

"लघवी कवा झाली?"

"काल सकाळी." घरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने तराजू ठेवला. "माह्या बहिणीलेबी आमी नखरेवालीच म्हनलो, बाई. मेली ते. बाजार मंग करजो, हिले दवाखान्यात ने."

दुपारी मला सलाइन लागलं. तेव्हा पोटात होती ती मुलगी आता शाळेत जाते. तिला त्या बाईसमोर नेऊन उभं करणं माझ्या राहिलेल्या कामांच्या यादीत अजून बाकी आहे.